सुटली म्हण

आमच्याकडे शपथ घालायची आणि सोडायची एक रीत होती. लहानपणी आम्ही पोरं दिवसातून दहा वेळा एकमेकांना शपथा घालत असू. कैरी कुणी पाडली ते सांगू नकोस, तुला माझी शपथ. मग ज्याला घातली तो मागे लागायचा, "सुटली म्हण, सुटली म्हण." ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्याने शंभरदा म्हटलं तरी उपयोग नसे. आणि सुटायच्या आत शपथ मोडली तर ज्याच्या नावाची असेल तो मरायचा. आम्ही रोज कुणाला तरी मारत होतो आणि रोज वाचवत होतो. मोठ्या माणसांत मात्र हा खेळ नव्हता. ती शपथ क्वचित घालत, आणि घातली की वर्षानुवर्षं तशीच राहू देत.

माझ्या बापाने माझ्या भावाला अशीच एक घातली होती.

आमचं गाव म्हसळ्यापासून दोन कोस आत, डोंगराला लागून. मुलूख नवाबाचा, शेती भाताची. घरात आम्ही चौघं. बापाला आम्ही 'बा' म्हणत असू, आईला 'आये'. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आमच्या मधली दोघं देवीच्या साथीत गेली होती. दादा आणि बा म्हणजे एकाच लाकडाचे दोन तुकडे. एक गप्प बसला की दुसराही गप्प, आणि दोघांतला कुणीही आधी बोलायचा नाही. आईला याचं कौतुक वाटायचं. मला ते आठवून आत्ताही डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

आषाढात लावणी चालली होती. शेजारपाजारच्या आठ-दहा बायका खालच्या खाचरात वाकून रोपं लावत होत्या आणि दादा वरच्या खाचरात चिखलणी करत होता. बांधावरून बैल वळवताना एकाचा पाय घसरला, तो खाली कोसळला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. चूक दादाची की पावसाने ढिला झालेल्या बांधाची, हे मला आजही सांगता येणार नाही. बा धावत आला. त्याने बैलाकडे बघितलं आणि हातातल्या काठीने दादाला झोडपायला लागला. अठरा वर्षांचा मुलगा, मिसरूड फुटलेलं, आणि समोर गावच्या बाया. चार तडाखे त्याने खाल्ले. पाचव्याला त्याने काठी धरली, हिसकावली आणि चिखलात फेकून दिली.

एवढंच. त्याने बापावर हात उगारला नाही, उलटून बोललाही नाही. पण बायकांतली एक हसली. तिच्या त्या हसण्याला मी जन्मभर शिव्या घातल्या आहेत. बाचा चेहरा उतरला आणि तो ओरडला, "आजपासून माज्या उंबऱ्यात पाय टाकलास तर माजं मेलेलं तोंड बगशील! शपत हाय तुला माजी!"

दादा चिखलभरल्या अंगाने तसाच म्हसळ्याला मामाकडे गेला. आईने त्याच संध्याकाळी बाला म्हटलं, "सुटली म्हना नि पोराला घरी आना." बा म्हणाला, "भूक लागली की यील." भुकेने येणारा असता तर तो बाचा मुलगा कसला? आठवड्याने मामाचा निरोप आला. महाडला पलटणीचे भरतीवाले आले होते, त्यांच्याबरोबर पोरगा बेळगावला गेला.

त्यानंतर आई बाला टोचून कधी बोलली नाही, रडलीही नाही. फक्त त्याच्या पानात भात वाढताना ती म्हणायची, "सुटली म्हना." आमटी आणखी हवी का, असं विचारावं तशा सुरात. बा जेवत राहायचा. कापणी झाली, झोडणी झाली, शिमगा झाला. रोज दोनदा ती म्हणायची आणि रोज दोनदा तो जेवायचा.

चैत्रात पोस्टकार्ड आलं. आम्ही तेव्हा राब भाजत होतो, म्हणजे भाताची रोपं जिथे पेरायची त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळत होतो. धुराने डोळे चुरचुरत होते. डाकवाला बांधावर उभा राहून हाका मारत होता आणि मी सगळ्यांच्या पुढे धावले, कारण घरात वाचता येणारी मी एकटी. शाळामास्तर आमच्या पडवीत बिऱ्हाड करून होते, त्यांनी मला जेवणाच्या बदल्यात म्हणा किंवा हौसेने म्हणा, तिसऱ्या इयत्तेपर्यंत शिकवलं होतं. बारा वर्षांची मी, आणि गावात कुणाचंही कार्ड आलं की मला बोलावणं यायचं. माझा रुबाब तहसीलदाराच्या वरचा होता.

कार्ड दादाच्या कुणा सोबत्याने लिहिलं होतं. साष्टांग नमस्कार झाल्यावर मजकूर असा होता: 'येत्या महिन्याचे पाच तारखेस आमची तुकडी रंगरुटीतून सुटणार. त्या दिवशी मैदानात कसम होणार. आईबापांस येण्याची मुभा आहे.'

"रंगरुटी म्हंजे काय गं?" आईने विचारलं.

मला माहीत नव्हतं. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. 'ठाऊक न्हाय' एवढे दोन शब्द बोलले असते तर बा मास्तरांना विचारायला गेला असता. ते परीक्षेसाठी म्हसळ्याला गेले होते, चार दिवसांत परत येणार होते. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी मान ताठ करून म्हटलं, "रंगरुटी म्हंजे शिपाईगिरी."

"म्हंजे सुटला?"

"व्हय. सुटला."

आई राबाच्या धुरातच खाली बसली. बाने कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "नि कसम कसली?" मग मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "सोडताना घेत आसतील. आतलं भायेर सांगायचं न्हाय म्हनून." आम्हाला सगळ्यांना ते पटलं. सरकार माणसाला उगीच कसं सोडेल?

मास्तर परत आल्यावर मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर मला येत नव्हतं हे उघडं पडलं असतं. शिवाय तोवर गावभर झालं होतं. आईने मामाला निरोप पाठवून त्याच्या मुलीचं दादाशी पक्कं करून टाकलं होतं, वैशाखातली तिथीही काढली होती. आणि बा हसत होता. मी त्याला असा हसताना त्याआधी बघितलं नव्हतं. तेव्हा वाटलं मुलगा येणार म्हणून हसतोय. त्या हसण्याचं दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. सरकारच मुलाला सोडत होतं, आपण त्याला आणायला जायचं, चार माणसांच्या गलक्यात तो घरात शिरणार, आणि तो शब्द तोंडातून काढायची वेळच येणार नव्हती. मरणाचं बाला भय नव्हतं. त्याला भय त्या शब्दाचं होतं.

राब अर्धा भाजून तसाच टाकला आणि आम्ही निघालो. आईने दादाचं धोतर, बंडी आणि नवी टोपी गाठोड्यात बांधली. पलटणीचे कपडे परत द्यावे लागतील, मग पोरगा काय उघडा येणार? भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि दादाला आवडतात म्हणून कांडलेले पोहे घेतले. श्रीवर्धनला आगबोट लांब पाण्यात उभी राहायची. कोळ्यांनी आम्हाला पाठीवर घेऊन पडावात टाकलं, पडावाने बोटीला लावलं. बाला कुणाच्या पाठीवर बसणं कमीपणाचं वाटलं, तो कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेला आणि वेंगुर्ल्यापर्यंत ओल्या धोतराने बसला.

बोट हरिहरेश्वराच्या टोकावरून गेली तेव्हा आईने उठून हात जोडले आणि लगेच वांती केली. दिवसभर ती डोकं बांधून माझ्या मांडीवर पडून होती. पण मधेच डोळे उघडायची आणि म्हणायची, "येताना तो माज्या शेजारी बसंल." शेजारी एक म्हातारा होता, मालवणकडचा. त्याने बाला विचारलं कुठे चाललात. बा म्हणाला, "पोरगा पलटनीतनं सुटतोय, आनायला चाललो." म्हाताऱ्याने नवलाने बघितलं. "सुटतोय? एवढ्यात?" म्हणाला, "मग नशीबवान आहात." बाने मान डोलावली. मी समुद्राकडे तोंड फिरवलं.

वेंगुर्ल्याहून मोटारीने आंबोलीचा घाट चढून आम्ही बेळगावला पोचलो. पलटणीने पाहुण्यांसाठी तंबू ठोकले होते. सकाळी आम्हाला मैदानाच्या कडेला नेऊन बसवलं. आमच्यासारखी बरीच माणसं होती, बहुतेक घाटावरची, तांबड्या पागोट्यांची. बँड वाजला आणि पोरांच्या रांगा चालत आल्या. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, एका वेळी पाय उचलणारे. आईने उठून भलत्याच पोराला हाक मारली. मलाही दादा सापडेना. आपल्या सख्ख्या भावाला आपण ओळखू शकत नाही याची मला धास्तीच बसली.

"त्यो," बा म्हणाला. "तिसऱ्या रांगेत कडंचा. डावा खांदा बग."

दादा नांगर धरायचा तेव्हा डावा खांदा जरा खाली टाकायचा. पलटणीने दहा महिने कवायत करून घेतली तरी तो खांदा पूर्ण सरळ झाला नव्हता. आम्ही दोघी डोळे फाडून बघत होतो आणि बाने त्याला पहिल्या नजरेत ओळखलं होतं.

मग एक भटजी पोथी घेऊन उभा राहिला. पोरांनी हात पुढे केले आणि तो सांगेल ते मोठ्याने म्हटलं. मिठाला जागेन, जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जमिनीवरून जाईन, समुद्रावरून जाईन, जीव गेला तरी मागे फिरणार नाही. शेकडो गळ्यांतून एकदम ते आलं. आईने माझा दंड धरला. "सोडताना असं कशाला म्हनायला लावतात?" तिने विचारलं. मला तेव्हा सगळं कळलं होतं.

परेड संपल्यावर पोरांना घरच्यांना भेटायला सोडलं. दादा धावत आला, आईच्या पायावर डोकं ठेवलं, माझी वेणी ओढली. तो उंच झाला होता, हसत होता. बाच्या पाया पडताना त्याचं हसू थांबलं. बाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आईने गाठोडं सोडलं, धोतर काढून त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "हे कापडं देऊन टाक नि हे नेस. बोट परवा हाय."

दादाला आधी ते थट्टेसारखं वाटलं. मग त्याने आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं.

"आये," तो म्हणाला, "रंगरुटी सुटली. मी न्हाय सुटलो. रंगरुटी म्हंजे शिकाऊपना. आता कुठं पक्का शिपाई झालो."

आईने माझ्याकडे बघितलं. ती मला एक शब्द बोलली नाही, त्या वेळीही नाही आणि पुढेही कधी नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती तशीच उठली, धोतर हातात घेऊन, आणि जवळ एक सुभेदार उभा होता त्याच्यापुढे जाऊन बसली. पांढऱ्या मिशांचा, घाटावरचा माणूस. त्याचे बूट धरून ती म्हणाली, "तुमी शपत घातलीत ना माज्या लेकाला? मग तुमीच सुटली म्हना."

आजूबाजूचे लोक हसले. सुभेदार हसला नाही. त्याने तिला उठवलं आणि बाजूला नेऊन सगळं विचारून घेतलं. मग बाला बोलावलं.

"हे बघा बाबा," तो म्हणाला, "ही शपथ माझ्या हातातली नव्हं. पर एक वाट हाय. एकुलता लेक, घरी शेत कसायला दुसरं कुनी न्हाई, असा बापानं अर्ज केला आनि पोरानं त्यावर अंगठा दिला, तर मोठा साहेब कधी कधी सोडतो. मी शब्द टाकीन. पर आज. उद्या कागद वर गेले की माझ्याच्यानं काय होनार न्हाई."

आई लगेच म्हणाली, "करतो अर्ज." बाने होय म्हणून मान हलवली. सगळं जमत आलं होतं. सुभेदाराने दादाला विचारलं, "काय रे, देतोस अंगठा?"

दादा सावधान उभा राहिल्यासारखा उभा होता. तो सुभेदाराशी बोलला नाही, बाकडे वळला.

"बा," तो म्हणाला, "तू घातलेली सुटली म्हन. मंग देतो."

मी बाच्या अगदी जवळ उभी होते. त्याचे ओठ उघडले. मला वाटलं आला शब्द, आता आला. आई पुटपुटत होती, "म्हना, म्हना ना." पण मघाशी हसलेले लोक अजून तिथेच होते, तांबडी पागोटी, त्यांच्या बायका, दादाचे सोबती. सगळे बघत होते. बाने त्या सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि त्याचा चेहरा शेतात झाला होता तसा झाला.

"मी काय म्हनायचं त्यात," तो म्हणाला. "त्याची मर्जी."

दादाने टाचा जुळवल्या, सुभेदाराला सलाम केला आणि निघून गेला. पोह्यांची पिशवी आईच्या हातातच राहिली.

परतीच्या बोटीत आई बाच्या आणि माझ्या मधे न बसता दूर एका पिंपाला टेकून बसली. त्या दिवसापासून तिने पानात भात वाढताना ते दोन शब्द म्हणायचं सोडून दिलं. मला वाटायचं, तिने म्हणत राहावं. तिचं गप्प राहणं मला त्या घरात सहन होत नसे. मामाच्या मुलीचं पुढच्या वर्षी गोरेगावात लग्न झालं.

दादा सरहद्दीवर गेला. दोन वर्षांनी रजेवर आला तेव्हा मामाकडे उतरला. आई आठ दिवस तिथे जाऊन राहिली. दोन कोसांवर बा होता, तो गेला नाही. दादाही शिवेच्या आत आला नाही. त्याची शपथेवर श्रद्धा होती. आपण पाय टाकला तर बाप मरेल, हे त्याला मनापासून वाटत होतं. त्याचा राग मोठा होता की भीती मोठी होती हे मला कधी नीट कळलं नाही, बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

माझं लग्न शेजारच्या गावात झालं. पाच-सहा वर्षं अशी गेली आणि आई आजारी पडली. अंगावर सूज, उठता येईना. मी माहेरी येऊन राहिले. तिला डोलीत घालून मामाकडे न्यावं म्हणजे दादाला तिथे तरी येता येईल, असं मी म्हटलं, पण वैद्याने हलवायला बंदी केली. मी दादाला कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं, आता त्याला स्वतःला लिहिता येत होतं. 'बा सुटली म्हणाला का ते कळव. म्हणाला असेल तर त्याच दिवशी निघतो. आईला बघायला येऊन बापाला मारू कसा.'

मी ते बाला वाचून दाखवलं. तो पडवीत सुंभ वळत होता. म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. आईला आतून ऐकू जात होतं हे त्याला माहीत होतं. त्याने सुंभाला दोन पीळ दिले आणि म्हणाला, "गुरं सोडायची झाली." आणि उठून गेला. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जितका तिटकारा आला तितका कुणाचाच कधी आला नाही. मी लगेच दादाला लिहिलं, 'बा काही बोलत नाही. तू तरी ये.'

तो आला नाही. त्याचं पत्र आल्यापासून तेराव्या दिवशी आई गेली. बा तीन महिने जगला. शेवटचे दोन दिवस मी त्याच्या उशाशी होते. तो बैलांबद्दल बोलला, वरच्या बांधाला दगड घालायचे राहिलेत म्हणाला. बाकी काही बोलला नाही.

वैशाखात दादा आला. मी घर झाडायला, गुरांची सोय लावायला आले होते. अंगणात ट्रंक ठेवून तो उभा होता, मिशा राखलेल्या, कानशिलावर थोडे पांढरे केस. पायरीपाशी आला आणि थांबला. आता आत आल्याने कुणी मरणार नव्हतं, तरी थांबला.

"बा सुटली म्हनला व्हता का गं?" त्याने विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

इतकं सहज आलं ते तोंडातून. रंगरुटी म्हणजे शिपाईगिरी, हे आलं होतं तितकंच सहज. दादाने डोळे मिटले. मग वाकून बूट काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला. त्याच्या तोंडावरचा सगळा ताण गेला होता, तो घर सोडून गेला तेव्हाचा अठरा वर्षांचा दिसत होता. मला आनंद झाला. आयुष्यात एक चांगलं काम आपल्या हातून झालं असं वाटलं.

तो आईच्या चुलीपाशी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आये व्हती तवा म्हनला का मागनं?"

मला वाटलं, आईने तो शब्द ऐकला असं कळलं तर त्याला बरं वाटेल. "आये व्हती तवाच," मी म्हटलं. "तुजं पत्र वाचून दावलं त्याच्या दुसऱ्या दिशी. तिनं ऐकलं. हसली."

"नि त्याच्यावर किती दीस व्हती?"

"बारा," मी म्हटलं. हे खरं होतं.

तो बोटांवर मोजत राहिला. कार्ड पोचायला चार, रजा मिळायला एक, गाडीचे नि बोटीचे चार. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं.

"बारा दिसांत मी पोचलो आसतो," तो म्हणाला. "मला कळवलं का न्हायस?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. बा कधीच म्हणाला नाही, आई वाट बघत मेली, मी खोटं बोलले. पण मघाशी उंबऱ्यातून आत येताना त्याचा चेहरा मी बघितला होता. बापाने आपल्याला बोलावलं होतं असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

"दुसरं पत्र टाकायचं ऱ्हाऊन गेलं," मी म्हटलं.

तो उठला, अंगणात जाऊन बूट घातले, ट्रंक खांद्यावर घेतली. मी मागे जाऊन चहा घेऊन जा म्हटलं. त्याने नको म्हणून मान हलवली आणि बांधावरून उतरून गेला. पुढे मला मुलं झाली, त्यांची बारशी झाली, प्रत्येक वेळी मी त्याला कार्ड टाकलं. एकाचंही उत्तर आलं नाही.